शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत: सकाळी एक झाड, रात्री एक चादर

होळी जवळ आली की दरवर्षी मला कोणीतरी विचारतंच, अगं आम्हालाही पक्षी बघायला सुरुवात करायचीय, ताडोबाचं बुकिंग कसं करतात, कॅमेरा कोणता घेऊ, लेन्स केवढी लागेल. दरवर्षी मी तेच सांगते. घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर फुललेलं एक झाड शोधा आणि कपाटातली एक जुनी पांढरी सुती चादर बाजूला काढून ठेवा, बाकी सगळं नंतर. झाड सकाळसाठी आणि चादर रात्रीसाठी. सकाळी झाडावर पक्षी बघायचे, रात्री चादरीवर पतंग बघायचे, म्हणजे मॉथ, रात्रीची फुलपाखरं म्हणा हवं तर. लोक या दोन गोष्टी वेगळे छंद समजतात आणि माझा आग्रह आहे की दोन्ही एकाच जागी एकाच मोसमात करा, कारण रात्री चादरीवर जो पतंग बसलेला दिसतो त्याचीच अळी महिन्याभराने शिंपी पक्ष्याच्या नाहीतर बुलबुलाच्या पिल्लाच्या चोचीत दिसते. शिंजीर, म्हणजे सनबर्ड, आयुष्यभर मध पितो पण पिल्लांना किडे, अळ्या आणि कोळीच भरवतो, दाणे खाणाऱ्या चिमणीचंही तसंच. हे एकदा स्वतः पाहिलं की अळीने खाल्लेल्या पानाकडे रागाने बघणं बंद होतं.

मी पुण्यात राहते त्यामुळे उदाहरणं वेताळ टेकडी, पाषाण, सिंहगडाचा पायथा अशी येतील, पण नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, सावंतवाडी किंवा गोव्यात असाल तरी पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे धरून हेच चालेल.

आधी तारखा ठरवा, पंचांग घेऊन

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, पण झाडं तेवढं थांबत नाहीत. काटेसावर जानेवारीच्या शेवटीच फुलायला लागते, मग पांगारा, मग होळीला पळस पेटतो, मार्चमध्ये कुसुंबाला लालभडक पालवी येते, एप्रिलमध्ये बहावा आणि त्याच्या आगेमागे आपला राज्यफुलाचा तामण. एकाच वेळी तीन गोष्टी चालू असतात, हिवाळी पाहुणे निघायच्या तयारीत, इथले पक्षी घरट्याच्या गडबडीत आणि झाडांवर पक्ष्यांचं जेवण तयार. म्हणून हे दोन महिने.

आता तारखांची गंमत बघा, ही मला फार उपयोगी पडते. पतंगांना अंधारी रात्र लागते, चांदण्यात दिव्याकडे फार कमी येतात. होळी म्हणजे पौर्णिमा, त्या आठवड्यात चादर लावू नका. गुढीपाडव्याच्या आधीची रात्र अमावस्येची किंवा तिच्या अगदी लगतची, ही वर्षातली पहिली चांगली रात्र. मग हनुमान जयंतीला परत पौर्णिमा, आणि अक्षय्य तृतीयेच्या दोन-तीन दिवस आधी परत अमावस्या, तोपर्यंत रात्रीही गरम झालेल्या असतात त्यामुळे ती रात्र पहिलीपेक्षा भारी जाते. अमावस्येच्या चार-पाच दिवस अलीकडे-पलीकडे कुठलीही रात्र चालते. आणि पौर्णिमेच्या रात्री काय करायचं? गावाकडे असाल तर माळाच्या कडेला जाऊन रातवा हा निशाचर पक्षी ऐकायचा. चांदण्यात तो जास्त बोलतो आणि खातो काय, तर पतंगच.

सकाळचं झाड

पळस, पांगारा आणि काटेसावर, तिन्हीची फुलं लाल-केशरी, मोठी, मधाने भरलेली, आणि तिन्ही पक्ष्यांवर अवलंबून. यातलं एक मिळालं की काम झालं. शहरात काटेसावर सगळ्यात सोपी, जुन्या बंगल्यांच्या आवारात, कॉलेजांच्या मैदानाकडेला असतेच, पानं सगळी गळलेली असल्यामुळे पक्षी लपत नाहीत, नवशिक्याला याहून चांगलं झाड नाही. यातलं काहीच नसेल तर फळाला आलेला वड, पिंपळ किंवा उंबर बघा, तिथे तांबट, कुटुर्गा, धनेश आणि नशीब असेल तर हरियाल, आपला राज्यपक्षी.

सूर्य तुमच्या पाठीमागे येईल अशी जागा घ्या, म्हणजे सकाळी झाडाच्या पूर्वेला. उलट बसलात तर सगळे पक्षी काळे दिसतील आणि तासाभरात कंटाळून घरी याल. झाडापासून पंधरा-वीस मीटर लांब, खाली बसून. उभं राहून हात हलवत बोलणारा माणूस पक्ष्यांना लांबून कळतो, बसलेला दहा मिनिटांत विसरला जातो. कपडे मळखाऊ, पांढरे नकोत. पुण्यात मार्चच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि एप्रिलच्या शेवटी सहा-सव्वासहाला, तेव्हा उजाडायच्या वीस मिनिटं आधी जागेवर पोचलेलं बरं. साडेनऊनंतर ऊन चढतं, पक्षी शांत होतात, तुम्हीही उठा.

मग बघायचं काय? फक्त नावं मोजू नका. कोण आधी येतं, कोण कोणाला हाकलतं, कोण फुलात डोकं घालतं आणि कोण नुसतं फुलावर आलेले किडे खातं हे बघा. काटेसावरीच्या फुलात साळुंकी डोकं खुपसते आणि बाहेर काढते तेव्हा कपाळावर पराग लागलेला असतो, दुर्बिणीतून नीट दिसतो, तोच पुढच्या फुलावर जातो. कोतवाल मध पण पितो आणि मधाला आलेल्या माश्या पण उडवतो. शिंजीर पळसाच्या फुलावर बसून चोच घालतो, कधी बाजूने भोक पाडून चोरी करतो. खारी फुलंच्या फुलं खाली पाडतात. आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर तिथेच थांबलात तर सावरीवर वटवाघळं येतात, म्हणजे एकच खाणावळ दोन शिफ्टमध्ये चालते.

पळसमैनांचा थवा आला तर बाकी सगळं सोडून तोच बघा. भोरड्या म्हणतात त्यांना, गुलाबी अंग, काळं डोकं. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवून ज्यांना हाकलतात त्या याच. हिवाळ्यात मळकट दिसतात पण निघायच्या आधी, मार्चमध्ये, गुलाबी रंग उजळत जातो. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे विणीला निघून जातात. पिवळ्या धोबी पक्ष्यांचंही तसंच, जाता जाता पिवळे धमक होतात. थिरथिरा तर एखाद्या दिवशी गायबच होतो, काल होता आज नाही. मी दरवर्षी तो शेवटचा दिवस लिहून ठेवते. उजनीच्या पाण्यावर भिगवणला जे पट्टकदंब हंस येतात ते मार्च संपेपर्यंत हिमालय ओलांडायला निघालेले असतात, तेव्हा भिगवणला जायचं असेल तर होळीच्या आत जा, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र त्यानंतरही काही आठवडे भेटतात.

दुर्बीण घेताना

८ बाय ४२ घ्या, विषय संपला. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जेवढा मोठा तेवढा पहाटे उजेड जास्त. १२ किंवा २० पट वाली बघून मोहात पडू नका, हात हलतो, चित्र नाचतं, आणि झाडात पक्षी सापडतच नाही. आणि घेतल्या घेतल्या हे करा, उजव्या डोळ्यावर झाकण ठेवून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या बाजूच्या छोट्या रिंगने तीच पाटी स्पष्ट करा. ती रिंग मग हलवायची नाही. चष्मा असेल तर रबरी कप आत दुमडा. माझ्याबरोबर आलेले निम्मे लोक घरातली जुनी दुर्बीण घेऊन येतात आणि डोकं दुखतं म्हणून परत ठेवतात, त्यांची ती रिंग कधी लावलेलीच नसते.

पक्षी दुर्बिणीत कसा पकडायचा? आधी नुसत्या डोळ्याने बघा, नजर तिथून हलवू नका, आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. दुर्बीण लावून पक्षी शोधत फिरायचं नाही. घरी गॅलरीतून समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर दहा वेळा सराव करा, जमतं.

कान आधी, डोळे नंतर

हा मोसम आवाजाचा आहे. दयाळ पहाटे पाचलाच अँटेनावर बसून शीळ घालायला लागतो, हिवाळ्यात याच पक्ष्याचा आवाज महिनोन् महिने कानावर पडत नाही. तांबट टुक-टुक-टुक एकसुरी चालू ठेवतो, भांडं ठोकल्यासारखं, कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलात तर नाव का पडलं ते लगेच कळेल. कोकिळेचं 'कुहू' नराचं, तो काळा, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती किक-किक-किक असं घाईघाईत ओरडत जाते आणि जवळपास कावळ्याचं घरटं असतंच, तिथे अंडं घालायला टपलेली असते. पावशा 'पेरते व्हा' म्हणायला लागला की शेतकरी आभाळाकडे बघतो, तो चढत्या आवाजात रात्रीही ओरडतो. भारद्वाजाचा घुमणारा हूप-हूप, शिंप्याचा एवढ्याशा जिवाला न शोभणारा मोठा टुविट-टुविट.

सुरुवातीला पाच आवाज पाठ करा, फक्त पाच. मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, फोन धरला की कोण बोलतंय ते सुचवतं, चांगलं आहे पण त्याने सांगितलं म्हणजे झालं असं समजू नका, पक्षी डोळ्याने दिसेपर्यंत लिहू नका. आणि एक कळकळीची विनंती, फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर आला, तो सगळं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो, तेवढा वेळ घरटं उघडं.

लिहायचं कसं

साधी वही. तारीख, वेळ किती ते किती, ढग-वारा, झाड कोणतं आणि किती फुललंय, मग पक्षी आणि संख्या. संख्या लिहाच, अंदाजे का होईना. 'साळुंक्या होत्या' याचा दोन वर्षांनी काही उपयोग नाही, 'साळुंक्या १४' याचा आहे. तीच जागा, तीच वेळ, आठवड्यातून एकदा. पंधरा मिनिटं बसलात तरी यादी होते. मग तीच यादी ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाका, त्यात जे दिसलं आणि ओळखलं ते सगळं टाकायचं, कावळा-कबूतर धरून, कारण नुसते दुर्मीळ पक्षी टाकले तर कावळे कमी झाले की वाढले हे कोणाला कसं कळणार.

घरटं सापडलं तर

सापडेलच, मार्च-एप्रिलमध्ये न सापडणं अवघड. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते, वेडा राघू मातीच्या दरडीत बोगदा खणतो, तांबट वाळक्या फांदीत भोक पाडतो. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते आणि नर फटीतून उंबरं-पिंपराची फळं भरवतो, आठवडेच्या आठवडे. पुण्या-मुंबईत हे अगदी सोसायटीच्या झाडांवरही होतं. नर मेला किंवा माणसांच्या गर्दीने बिचकून यायचा थांबला तर आत सगळ्यांचीच उपासमार.

म्हणून घरट्याजवळ थांबायचं नाही, फांद्या बाजूला करायच्या नाहीत, फोटो ग्रुपवर जागेसकट टाकायचा तर मुळीच नाही. तुम्ही जवळ असताना पक्षी चोचीत चारा घेऊन आत न जाता बाजूच्या फांदीवर ओरडतोय, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात, लगेच मागे व्हा. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपा घालायला लागली तर आल्या वाटेनेच परत फिरा, पायाखाली बघत, कारण अंडी जवळपासच असतात. कावळ्याने घरटं आंब्यावर-करंजावर बांधलं तर पाऊस चांगला आणि काटेरी झाडावर बांधलं तर कमी, असं आपल्याकडे मानतात, मी त्या निमित्ताने मे महिन्यात कावळ्यांची घरटी मोजते, लांबून.

आता रात्र

पतंगांना लोक घाबरतात किंवा हाकलतात, आणि मला याचं वाईट वाटतं, कारण भारतात फुलपाखरांच्या साधारण तेराशे-चौदाशे जाती आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. शेतकऱ्यांना यातले काही चांगले माहीत आहेत. हरभऱ्यावरची घाटेअळी, मक्यावरची लष्करी अळी, यांचे पतंग प्रकाश सापळ्यात येतात. मोसंबी-संत्र्याच्या फळाला रात्री भोक पाडून रस शोषणारा केशरी पंखांचा पतंग, त्याची अळी बांधावरच्या गुळवेलीवर वाढते. गडचिरोली-भंडाऱ्याकडचं टसर रेशीम ऐन आणि अर्जुनाच्या झाडावरच्या पतंगाच्या कोशाचं. हे सगळं आपल्या घराजवळचंच आहे.

आपला सापळा मात्र मारण्यासाठी नाही, बघण्यासाठी आणि सोडण्यासाठी.

दिवा. साध्या पिवळट एलईडीला फारसे कोणी येत नाही, पतंगांना निळसर-जांभळा आणि अतिनील उजेड दिसतो. जुने लोक १६० वॉटचा मर्क्युरी बल्ब वापरतात, चोक न लागणारा, तो घरच्या होल्डरवर चालतो पण प्रचंड तापतो, पाण्याचा थेंब पडला तर फुटतो, आणि आता दुकानात सहज मिळत नाही. मिठाईच्या दुकानात माश्या मारायचं मशीन असतं ना, त्यातली निळसर ट्यूब, ती इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटी मिळते, तिने उत्तम काम होतं. पण नीट सांगून घ्या. पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमधली यूव्ही ट्यूब वेगळी असते, ती उघड्यावर लावली तर डोळे आणि कातडी भाजते, ती अजिबात नको. काहीच नसेल तर पांढरा सीएफएल चालेल, पतंग कमी येतील पण येतील. शेतावर वीज नसेल तर यूव्ही एलईडीची पट्टी पॉवर बँकेवर लावतात, ती मी वापरलीय, छान चालते. कुठलाही दिवा असो, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही.

चादर. पांढरी, सुती, डबल बेडची. दोन झाडांमध्ये किंवा गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर ताणून बांधा, वरून चिमटे, खालच्या टोकाला दगड. खालचा हातभर भाग जमिनीवर पसरलेला ठेवा, बरेच पतंग वर न बसता खालीच बसतात आणि नुसती लटकती चादर असेल तर ते गवतात जातात आणि मग पायाखाली. दिवा चादरीच्या पुढे फूटभर, छातीच्या उंचीला.

जागा. रस्त्यावरच्या दिव्यांपासून लांब, वारा अडेल अशी, आणि समोर झाडझाडोरा असलेली. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून समोर मोठी झाडं दिसत असतील तरी चालतं. वेताळ टेकडी किंवा कुठल्याही वनखात्याच्या जागेत रात्री परवानगीशिवाय जायचं नाही आणि दिवा तर लावायचाच नाही. मी गच्चीवर करते नाहीतर भोरकडे ओळखीच्यांच्या शेतावर. सोसायटीत करणार असाल तर वॉचमनकाकांना आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, जमलं तर त्यांनाच बोलवा, लहान मुलं तर हमखास थांबतात.

वेळ. अंधार पडला की साडेसातला दिवा लावा आणि किमान साडेदहापर्यंत बसा. वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या वेळी येतात, आधी बारीकसारीक, हॉकमॉथसारखे मोठे बरेचदा अकरानंतर. गरम, दमट, वारा नसलेली, थोडी ढगाळ रात्र सगळ्यात चांगली. मार्चच्या कोरड्या रात्री पंधरा-वीसच पतंग आले तर निराश होऊ नका, खरा पूर पावसाळ्यात असतो, पण शिकायला वीसच बरे.

पतंग दिव्याकडे का येतात यावर वर्षानुवर्षं सांगायचे की ते चंद्र समजून दिशा धरतात आणि फसतात. २०२४ मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने केलेला एक अभ्यास आला, त्यात दिसलं की उडणारे किडे पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण एरवी उजेड म्हणजे आकाश, म्हणजे वर. दिवा बाजूला असला की ते त्याच्याकडे पाठ करून कलतात आणि मग गोल गोल अडकतात. कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉकमॉथ मात्र त्या प्रयोगात फारसा अडकला नाही. चादरीसमोर बसून हे नुसत्या डोळ्याने बघायचा प्रयत्न करा, दिव्याच्या वर गेलेला पतंग उलटा होऊन खाली पडतो, ते आता कळतं का ते. आणि म्हणूनच दिवा रात्रभर चालू ठेवायचा नाही, ती त्यांची दमछाक आहे.

फोटो. फोन पुरतो. प्रत्येकाचे दोन फोटो, एक बरोब्बर वरून, पंख पसरलेले, एक बाजूने. शेजारी दहा रुपयांचं नाणं धरा, ते २७ मिलिमीटरचं असतं, आकार कळतो. फ्लॅशऐवजी दुसऱ्याने टॉर्च तिरका धरला तर रंग खरे येतात. मिशा बघा, फुलपाखराच्या मिशीला टोकाला गाठ असते, पतंगाची दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. ओळख पटवायला आय-नॅचरलिस्टवर टाका आणि 'मॉथ्स ऑफ इंडिया' ही वेबसाइट चाळा. नाव नाही सापडलं तर 'तपकिरी, दोन पांढरे ठिपके' असं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी सापडेल. बोटाने पंख धरू नका, खवले निघतात, कागदावर चढवून घ्यायचं.

मुंग्या. हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. बादलीचा सापळा करतात, वीस लिटरच्या बादलीवर नरसाळं, वर ट्यूब, आत अंड्यांचे कागदी ट्रे, पतंग आत पडून ट्रेच्या खाचांत शांत बसतात आणि सकाळी उघडून बघायचं. थंड देशात छान चालतं. मी पहिल्या वर्षी गच्चीवर तसा करून झोपून गेले आणि सकाळी बादलीत नुसते पंख होते, मुंग्यांनी सगळे संपवले होते, ते मी अजून विसरले नाही. तेव्हापासून चादरीशीच बसते. बादली करायचीच असेल तर पाण्याने भरलेल्या परातीत विटेवर ठेवा, कडेला व्हॅसलिन लावा, आणि सूर्य उगवायच्या आधी सावलीत नेऊन उघडा, उन्हात अर्ध्या तासात आतले भाजतात.

गुळाचा लेप. दिव्याला न येणारे काही पतंग गोडाला येतात. अर्धा किलो काळा गूळ, तीन-चार पार काळी पडलेली केळी, थोडं पाणी, उकळून गार करा आणि झाकण सैल ठेवून दोन दिवस आंबवा, घट्ट झाकलं तर डबा फुगतो. खोडावर लावला तर मुंगळे येतात म्हणून जाड सुती दोरीचे तुकडे त्यात बुडवून फांदीला लटकवा, दिवे लागणीला. दर वीस मिनिटांनी लाल कागद लावलेल्या टॉर्चने हळूच बघून या.

सोडणं. हा भाग लोक विसरतात. दिवा बंद करून अर्धा तास थांबा, बरेच आपोआप जातात. राहिलेल्यांना चादर झटकून नाही, कागदावर घेऊन दाट झुडपात, पानांच्या खालच्या बाजूला सोडा. तसेच ठेवले तर दयाळ, बुलबुल, कोतवाल उजाडताना बरोब्बर चादरीपाशी येतात, दोन दिवसांत त्यांना ती जागा पाठ होते. रोज रात्री लावू नका, एका जागी आठवड्यातून एकदा पुरे.

सांभाळून

रात्री बंद बूट आणि टॉर्च, अनवाणी गवतात जायचंच नाही. घोणस, मण्यार, कोकणात फुरसं, हे सगळे गरम रात्री बाहेर असतात. बिबट्याचा भाग असेल, जुन्नरसारखा, तर शिवारात एकटं बसू नका, गच्चीच बरी. चादरीवर लांबट, मुंगीसारखा, काळा-केशरी किडा दिसला तर अंगावर चिरडू नका, त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, फुंकर मारून उडवा. केसाळ सुरवंटाला हात लावू नका. गडावर किंवा कड्याखाली बसणार असाल तर वर आग्यामोहोळ आहे का बघा, धूर नको, तीव्र वासाचं अत्तर नको, दगड तर नकोच. डोंगरात वणवा दिसला तर १९२६ वर फोन करा, वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे, जमिनीवर घरटी केलेले पक्षी आणि गवतातले कोश वणव्यात आधी जातात. कीटक गोळा करून टाचणीला लावायचं मनात आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काही फुलपाखरंही येतात.

आणि घराबाहेर मातीचं उथळ परळ पाण्याने भरून ठेवा, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड, पाणी रोज बदलायचं. तिथे बसून जेवढे पक्षी दिसतात तेवढे कधीकधी टेकडीवर दिसत नाहीत.

दोन्ही जोडायचं कसं

वहीच्या डाव्या पानावर सकाळ, उजव्या पानावर रात्र. पाडव्याच्या आधी चादरीवर कोण आलं ते लिहा, मग पुढचे तीन-चार आठवडे त्याच जागेच्या आसपास पानं उलटी करून अळ्या शोधा. तगर, कण्हेर, करंज, लिंबू, कढीपत्ता, हे घरचेच पाहुणचार करणारे. अळी दिसली की झाडाचं नाव लिहा. मग एखाद्या सकाळी शिंपी किंवा नाचण त्याच झाडात परत परत शिरताना दिसेल, चोचीत काहीतरी हिरवं घेऊन एकाच दिशेला जाताना, तेव्हा मिनिटं मोजा, तासाला किती फेऱ्या करतो ते. हे एवढं एका झाडाचं केलंत तरी मोसम भरून जातो. सोसायटीत कोणी कीटकनाशक मारायचं म्हणाले तर ही वही दाखवा, मी दाखवलीय, आणि आमच्याकडची करंजं दोन वर्षं बिनाफवारणीची आहेत.

अक्षय्य तृतीयेनंतर कधीतरी वळीव पडेल. त्या संध्याकाळी चादर लावू नका, जमिनीतून वाळवीची पाखरं निघतात आणि दिव्यावर नुसती तीच तीच होतात, पतंग दिसतच नाहीत. घरातले दिवे मालवा, अंगणात बसा आणि कोतवाल, बुलबुल, साळुंक्या ती पाखरं हवेतल्या हवेत कशी टिपतात ते उजेड आहे तोवर बघा. चादर तिसऱ्या रात्री, आकाश ढगाळ असेल तर.